डब्लिन हॉर्स शोमधील हस्तकला प्रदर्शन

डब्लिन हॉर्स शोमधील हस्तकला प्रदर्शन हे आयर्लंडमधील हाताने घडवलेल्या वस्तूंचे एक महत्त्वाचे उन्हाळी प्रदर्शन होय. रॉयल डब्लिन सोसायटी (संक्षेप : आरडीएस) ही संस्था १९६८ पासून कारागिरांसाठी हस्तकला स्पर्धा घेत आली आहे. या स्पर्धेत निवडलेल्या आणि पारितोषिक मिळालेल्या वस्तू अनेक वर्षे ऑगस्ट महिन्यातील डब्लिन हॉर्स शो या अश्वप्रदर्शनाच्या दिवसांत संस्थेच्या बॉल्सब्रिज येथील आवारात मांडल्या गेल्या. लेस, भरतकाम, लोकरीचे व मागावरचे विणकाम, टोपल्या, मातीकाम, काचकाम, लाकूडकाम, दागिने, पुस्तकबांधणी आणि वाद्यनिर्मिती हे त्यातील ठळक विभाग.

घोड्यांच्या उड्या पाहण्यासाठी आलेला माणूस सहज म्हणून दालनात शिरतो आणि काचेच्या पेटीतल्या वीतभर लेसपुढे खिळून राहतो, असे या प्रदर्शनाचे स्वरूप आहे. विक्री हा त्याचा मुख्य हेतू नाही. काम पारखले जावे आणि ते करणाऱ्याचे नाव कामाखाली लिहिले जावे, हा आहे. ही दुसरी गोष्ट आज साधी वाटते. परंतु आयरिश हस्तकलेच्या इतिहासात ती फार उशिरा घडली.

संस्था आणि अश्वप्रदर्शन

डब्लिन सोसायटीची स्थापना १७३१ मध्ये झाली आणि १८२० मध्ये तिला 'रॉयल' हे बिरुद मिळाले. शेती, उद्योग, कला आणि विज्ञान यांना उत्तेजन देणे हे तिचे उद्दिष्ट होते. उत्तम कामाला रोख बक्षीस देण्याची पद्धत तिने अठराव्या शतकातच सुरू केली. डब्लिनच्या अनाथालयातील मुलांना लेस विणायला शिकवणाऱ्या लेडी अ‍ॅराबेला डेनी यांच्या उपक्रमाला याच संस्थेचा आधार मिळाला. संस्थेच्या चित्रकला शाळांमधूनच पुढे डब्लिनचे कलामहाविद्यालय विकसित झाले.

लीन्स्टर हाऊस हे संस्थेचे जुने मुख्यालय. आज तेथे आयर्लंडची संसद भरते. या वास्तूच्या हिरवळीवर विल्यम डार्गन या रेल्वे कंत्राटदाराच्या पैशाने १८५३ चे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. याच हिरवळीवर १८६४ मध्ये पहिले अश्वप्रदर्शन झाले आणि १८६८ पासून संस्था ते स्वतः भरवू लागली. १८८१ मध्ये अश्वप्रदर्शन बॉल्सब्रिज येथे हलले. दोन्ही महायुद्धांच्या काळात आणि कोविड साथीच्या दोन वर्षांत ते भरले नाही.

अश्वप्रदर्शनाच्या आठवड्यातील सर्वांत गाजणारी स्पर्धा म्हणजे राष्ट्रसंघांची अडथळा-उड्डाण स्पर्धा. १९२६ पासून तिच्या विजेत्याला आगा खान चषक दिला जातो. हा चषक देणारे आगा खान तिसरे म्हणजे पुण्यातील आगा खान पॅलेस बांधणारेच. १८९२ मधील तो वाडा दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून बांधला गेला, असे सांगितले जाते. शेजारच्या दालनातील लेसचा इतिहासही दुष्काळातल्या कामाचाच आहे. मात्र हा योगायोग चषकाच्या वर्णनात सहसा येत नाही.

दुष्काळ आणि लेस

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला. पुढील सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली व त्याहून अधिक देश सोडून गेली. जमिनीवर पोट भरणे अशक्य झाले, तेव्हा जोगिणींचे मठ, धर्मोपदेशकांच्या पत्नी आणि काही जमीनदारांच्या घरांतील स्त्रिया यांनी गावोगाव सुईकामाच्या शाळा काढल्या. आज 'परंपरागत आयरिश लेस' म्हणून जे दाखवले जाते, त्यातील बराच भाग या काळात रुजला किंवा वाढला. तो प्राचीन नाही. घरातील मुलीच्या हाती एक आकडी आणि सुताचे रीळ द्यायचे आणि तिच्या कामावर कुटुंब जगवायचे, इतका त्याचा उगम थेट आहे.

मोनॅहन परगण्यातील क्लोनिस या गावी कॅसेंड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ च्या सुमारास क्रोशाचे काम आणले. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींनीही हीच कला शिकवली. व्हेनिसच्या महागड्या सुईलेससारखी दिसणारी वस्तू क्रोशाने कितीतरी लवकर होत असे, हे तिच्या यशाचे कारण. गुलाब, पाने, द्राक्षांचे घोस, तीन पानी शॅमरॉक असे नमुने आधी सुटे विणले जात. त्यांना उठाव यावा म्हणून आत जाड दोरा धरून त्यावर विणकाम केले जाई. मग हे सुटे नमुने कापडावर उलटे टाचून मधली जागा जाळीने भरली जाई. या जाळीत पडणारी छोटी गोल गाठ 'क्लोनिस गाठ' म्हणून ओळखली जाते. एखादे कुटुंब एकच फूल पिढ्यान्‌पिढ्या विणत असे आणि त्याची रीत शेजाऱ्यालाही दाखवत नसे. संपूर्ण गळपट्टी कोणा एकीची नसे; ती डब्लिन, लंडन किंवा पॅरिसला पोहोचे तेव्हा तिच्यावर नाव असे ते व्यापाऱ्याचे.

इतर प्रकारांची घडण वेगळी आहे. कॅरिकमक्रॉस लेसमध्ये बारीक जाळीवर तलम मलमल टाचतात, नक्षीच्या कडेने दोरा बसवून घेतात आणि मग नको असलेली मलमल कात्रीने कापून काढतात. कात्रीचे टोक जाळीला लागले तर अनेक दिवसांचे काम वाया जाते. लिमरिक येथे चार्ल्स वॉकर याने १८२९ मध्ये कारखाना काढला. तेथे चौकटीवर ताणलेल्या जाळीवर आकडीने साखळीटाका भरला जाई. यॉल येथील मठात मात्र जाळीचा आधार न घेता केवळ सुई-दोऱ्याने लेस उभी केली जात असे. जोगिणींनी इटालियन लेसचा एक तुकडा टाका-टाका उसवून तिची रीत शिकून घेतली, असे मानले जाते. लीश परगण्यातील माउंटमेलिकचे पांढऱ्या कापडावरील पांढऱ्या जाड सुताचे भरतकाम लेस नसले तरी प्रदर्शनात तिच्या शेजारीच मांडले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कॅरिकमक्रॉस आणि लिमरिक या दोन्ही प्रकारांतील जाळी यंत्रावर विणलेली असते. जॉन हीथकोट या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाळीचे यंत्र बनवले नसते, तर या दोन 'हस्तकला' आजच्या रूपात दिसल्या नसत्या. हात आणि यंत्र यांच्यातील सीमारेषा समजली जाते तेवढी सरळ नाही.

दानधर्मापासून पारखीपर्यंत

सुरुवातीच्या विक्रीमागे दया अधिक होती. दया ओसरली की मागणीही ओसरत असे. १८८३ मध्ये लंडनच्या मॅन्शन हाऊसमध्ये लेसचे प्रदर्शन भरले, तेव्हा जाणकारांच्या ध्यानात आले की टाका उत्तम आहे, पण नक्षी शिळी झाली आहे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील अ‍ॅलन कोल आणि कॉर्क कलाशाळेचे जेम्स ब्रेनन यांनी यानंतर मठांमध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू करवले. प्रदर्शन हे कारागिरांसाठीही शिक्षण ठरू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१८९३ च्या शिकागो येथील विश्वप्रदर्शनात तर दोन आयरिश खेडी उभारली गेली. एक लेडी अ‍ॅबरडीन यांच्या पुढाकाराने आणि दुसरे अ‍ॅलिस हार्ट यांच्या. लेस विणणाऱ्या मुली तेथे प्रेक्षकांसमोर बसून काम करीत. स्थलांतरित आयरिश लोकांची मोठी गर्दी या खेड्यांनी खेचली. मात्र पाहणाऱ्याला कारागिरापेक्षा सुटलेला गाव दिसत होता, हेही खरे.

हे चित्र पालटण्यात म्युरिएल गॅहन (१८९७–१९९५) यांचा वाटा मोठा आहे. १९३० मध्ये त्यांनी डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन येथे 'द कंट्री शॉप' हे दुकान उघडले. पश्चिम किनाऱ्यावरील आणि अ‍ॅरन बेटांवरील विणकर, टोपल्या करणारे व सूत कातणाऱ्या स्त्रिया यांचा माल तेथे योग्य दराने विकला जाई. दुकानासोबत चहापानगृहही होते आणि त्याच्या उत्पन्नावर हस्तकलेचा भार हलका होई. हे दुकान १९७८ पर्यंत चालले. गॅहन १९७६ मध्ये रॉयल डब्लिन सोसायटीच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष झाल्या.

सरकारी पातळीवर जाग आली ती १९६० नंतर. स्कँडिनेव्हियातील संकल्पनकारांनी आयरिश वस्तूंची पाहणी करून १९६२ मध्ये परखड अहवाल दिला. त्यातून १९६३ मध्ये किल्केनी गडाच्या तबेल्यांमध्ये 'किल्केनी डिझाइन वर्कशॉप्स' ही संस्था निघाली. ती १९८८ मध्ये बंद पडली; तथापि आजची डिझाइन अँड क्राफ्ट्स कौन्सिल त्याच आवारात आहे. आरडीएसची स्पर्धा या जागृतीच्या काळातच आकाराला आली.

दालनातील वस्तू

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद सुयांवरच्या स्वेटरला, मागावरच्या कापडाला आणि बुरुडाच्या टोपलीलाही चालते. या दालनात मात्र त्यांचे विभाग निरनिराळे असतात आणि परीक्षकही निराळे.

लोकरीच्या विभागात सर्वांचे लक्ष जाते ते अ‍ॅरन स्वेटरकडे. गाल्वेच्या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या तीन खडकाळ बेटांचे नाव त्याला मिळाले आहे. न रंगवलेली लोकर, दोरखंडासारखे पीळ, चौकटी आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वीण ही त्याची लक्षणे. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याचे प्रेत तिच्यावरून ओळखले जाई, अशी कथा विक्रेते आवर्जून सांगतात. तिला इतिहासाचा आधार नाही. जे. एम. सिंग यांच्या १९०४ मधील 'रायडर्स टू द सी' या नाटकात बुडालेल्या तरुणाची ओळख त्याच्या मोज्यातील सुटलेल्या टाक्यांवरून पटते. तेथील मोजा साधाच आहे. पांढऱ्या स्वेटरची ही शैली विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बेटांवरील स्त्रियांनी घडवली. घराण्याच्या विणींची कथा खोटी ठरल्याने त्यांचे श्रेय कमी न होता वाढते, कारण मग ती अज्ञात पूर्वजांची देणगी राहत नाही, ती त्या स्त्रियांची निर्मिती ठरते.

डोनेगल ट्वीड हे वायव्येकडील डोंगराळ परगण्यातील लोकरी कापड. कातताना लोकरीत रंगीत गुठळ्या मिसळतात आणि त्या कापडभर ठिपक्यांसारख्या उमटतात. पूर्वी दगडफूल, काटेरी गॉर्सची पिवळी फुले आणि रानटी फळे यांपासून रंग काढले जात. आर्डारा आणि किल्कार ही त्याची जुनी केंद्रे. हातमाग आता मोजक्याच घरांत चालतात.

टोपल्यांचा विभाग लहान. तरीही खेड्यातून आलेले वृद्ध प्रेक्षक रेंगाळतात तो येथेच. वाळुंज जातीच्या झाडाच्या कोवळ्या काठ्या हिवाळ्यात तोडतात, वाळवतात आणि विणण्यापूर्वी भिजत घालतात. उकडलेले बटाटे निथळण्यासाठीची उथळ 'स्कीहोग' टोपली चाळणीचे काम करी आणि तीच पुढ्यात ठेवून कुटुंब जेवायला बसे. गाढवाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या खोल टोपल्यांतून इंधनाची दलदलमाती आणि समुद्रातले शेवाळ वाहिले जाई. आज या टोपल्या बहुतेक शोभेसाठी घेतल्या जातात.

काच आणि मातीकाम यांत जुन्या घराण्यांपेक्षा नव्या कलावंतांचा भरणा अधिक असतो. वॉटरफर्डचा काचकारखाना १७८३ मध्ये निघाला, १८५१ मध्ये बंद पडला आणि १९४७ मध्ये चेक कारागिरांच्या मदतीने पुन्हा सुरू झाला. २००९ मध्ये तो डबघाईला आल्यावर तेथील कुशल काचकाप्यांपैकी काहींनी स्वतंत्र कामाचा मार्ग धरला.

वाद्यनिर्मितीत बकऱ्याच्या कातड्याचा बोरान हा डफ, हार्प आणि कोपराने भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स येतात. इलन पाइप्सच्या वादनाचा २०१७ मध्ये आणि हार्पवादनाचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. एक पूर्ण पाइप्स संच घडवण्यासाठी सुतारकाम, धातुकाम, चर्मकाम आणि वेताच्या पात्या तासण्याचे कसब एकाच माणसाकडे असावे लागते.

हातकामाची ओळख

प्रदर्शनाला भेट देणाऱ्याने प्रथम वस्तूची मागची बाजू दिसते का, ते पाहावे. हाताच्या भरतकामात दोरा कोठे सुरू झाला आणि कोठे संपवला, हे मागून कळते. क्रोशाच्या बाबतीत यंत्राची नक्कल अजून तरी साधलेली नाही. स्वस्त क्रोशा स्वस्त असतो तो दूरच्या कोणा बाईला कमी मजुरी मिळाल्यामुळे. स्वेटरच्या चिठ्ठीवरील शब्द नीट वाचावे लागतात. 'हँड-लूम्ड' असे लिहिलेला स्वेटर हाताने चालवायच्या विणयंत्रावर केलेला असतो, सुयांवर नव्हे. सुयांवरचा स्वेटर जड, घट्ट आणि पिळांच्या ठिकाणी अधिक उंच लागतो. त्याला काही आठवडे जातात, त्यामुळे किमतीत मोठा फरक पडतो आणि तो रास्तच आहे. हातमागाच्या ट्वीडची काठाकडील किनार बोटाने चाचपली तर किंचित कमी-जास्त लागते. हा दोष मानला जात नाही.

लोकर कातणे, लेस विणणे यांची प्रात्यक्षिके चालू असतील, तर तेथे थांबणे काचेच्या पेट्या पाहण्याइतकेच मोलाचे असते. बोटभर लेस व्हायला किती वेळ लागतो, हे चिठ्ठीवर वाचून कळत नाही.

अडचणी

हर्लिंग या आयरिश खेळाची काठी अ‍ॅश वृक्षाच्या बुंध्याच्या सर्वांत खालच्या भागातून काढतात. तेथे मुळाकडे वळणारा लाकडाचा रेषा काठीच्या वाकलेल्या पात्यात सलग राहतो आणि म्हणूनच ती फटका सोसते. या वृक्षावरील बुरशीजन्य मर रोग २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये आढळला आणि देशभर पसरला. काठी करणारे कारागीर पूर्वीपासूनच परदेशी लाकडावर बरेच अवलंबून होते. आता बांबूच्या आणि कृत्रिम काठ्याही मैदानात आल्या आहेत. कसब आहे, गिऱ्हाईक आहे, पण झाड नाही, अशी ही विलक्षण कोंडी आहे.

लेसची अडचण उलटी आहे. सूत आणि सुई कोठेही मिळतात. परंतु तासांचा हिशेब केल्यास वाजवी मजुरी देईल असे गिऱ्हाईक विरळा. परिणामी लेस आज मुख्यतः छंद म्हणून जिवंत आहे. २०११ मध्ये ब्रिटिश राजघराण्यातील विवाहात केट मिडल्टन यांच्या वेशावरील लेसकामाला कॅरिकमक्रॉसच्या रीतीची प्रेरणा होती. त्यामुळे काही काळ चौकशी वाढली, तरी त्यावर चरितार्थ चालवणाऱ्यांची संख्या वाढली असे म्हणता येत नाही. स्पर्धेतील रोख पारितोषिकाला म्हणूनच महत्त्व आहे. त्यातून तरुण कारागिराला माग, भट्टी किंवा काही महिन्यांची उसंत घेता येते.

तिसरा प्रश्न नावाचा. स्कॉटलंडच्या हॅरिस ट्वीडला ब्रिटिश संसदेच्या १९९३ च्या कायद्याचे संरक्षण आहे. डोनेगल ट्वीडला तसा स्वतंत्र कायदा लाभला नाही आणि ठिपकेदार लोकरी कापडाला जगभर सर्रास 'डोनेगल' म्हटले जाऊ लागले. भारतात १९९९ च्या कायद्याने हस्तकलांनाही भौगोलिक मानांकन मिळू शकते आणि पैठणीला ते मिळालेले आहे. युरोपीय संघात मात्र अशी संघव्यापी सोय दीर्घकाळ शेतमाल, खाद्यपदार्थ आणि मद्यापुरतीच होती. हस्तकला व औद्योगिक वस्तूंसाठीचा नियम तेथे २०२३ मध्ये संमत झाला आणि १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला.